सत्तेचाळीस नंबरचा रुमाल

पत्र आलं तेव्हा मी दप्तरखान्याच्या पायरीवर बसून तुटलेला चपलेचा अंगठा सुतळीनं बांधत होतो. पोस्टमन म्हणाला, "ढवळे, तुमचं आहे. इचलकरंजीचा शिक्का दिसतोय."

निळं आंतरदेशीय पत्र. पत्त्यावरचं अक्षर पाहिलं आणि मी ते न फोडताच खिशात घातलं. संध्याकाळी घरी जाताना नदीकाठच्या बाकावर बसून वाचलं.

"अण्णा, साष्टांग नमस्कार. मी इकडे मामांच्या दुकानात शिवणाच्या मशीनवर बसतो. ठीक आहे. तक्रार नाही. एकच विचारायचं आहे. त्या बुधवारी गव्हाणवाडीचा महजर मीच सत्तेचाळीसात ठेवला का? मला आठवतं ते असं, की जेवायला जाण्याआधी मी तो शेहेचाळीसात परत ठेवला होता आणि वरून हात फिरवला होता. पण माणसाला वाटतं एक आणि हात करतात दुसरंच, असंही होत असेल. तुमचं टेबल शेजारी होतं. तुम्ही पाहिलं असेल तर हो किंवा नाही एवढंच कळवा. तुम्ही मला कधी टोचून बोलला नाहीत, म्हणून तुम्हाला लिहितो आहे. आपला, दामोदर पोरे."

घरी बायकोनं विचारलं, "कोणाचं पत्र?"

"कचेरीचं," मी म्हणालो.

रविवारी उत्तर लिहू, असं ठरवलं. तो रविवार गेला. मग दिवाळी गेली. मग इतके दिवस गेले की आता लिहायचं तर आधी उशिराचं कारण द्यावं लागेल, असं झालं. आणि कारण तर माझ्याकडे एकच होतं.

हरणगडचं संस्थान विलीन झालं तेव्हा राजवाड्यातली जुनी कागदपत्रं एका इतिहास मंडळाच्या ताब्यात आली. कापडाच्या चौकोनी तुकड्यात कागदांचा गठ्ठा ठेवायचा, चारी टोकं वर घेऊन गाठ मारायची, की झाला रुमाल. असे साडेसहाशे रुमाल होते, सगळे मोडीत लिहिलेले. ते वाचून बाळबोधीत उतरवायला आम्ही तिघं होतो. मी, बापू इनामदार आणि शेवटी आला तो दामोदर पोरे. आमच्यावर दीक्षितसाहेब. कागदांवर तेव्हा नंबर घातलेले नव्हते. रुमाल पुरता वाचून झाल्यावरच यादी व्हायची. त्यामुळे एका टेबलावर एकच रुमाल उघडायचा, तो बांधून फडताळात ठेवल्याशिवाय दुसऱ्याची गाठ सोडायची नाही, हा तिथला पहिला नियम. दोन रुमालांतले कागद एकमेकांत गेले तर ते कुठले हे पुन्हा देवालाही सांगता यायचं नाही, असं दीक्षितसाहेब म्हणायचे.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो आणि बारा वर्षं तिथं होतो. महिन्याला एक रुमाल व्हायचा. इनामदाराचंही तेवढंच. दोघांनी मिळून असं कधी ठरवलं नव्हतं, पण कोणी दीड करायचा नाही हे दोघांनाही कळलेलं होतं.

पोरे सव्वीस वर्षांचा. शिंप्याचा मुलगा. आजोबांनी त्याला कापड बेतायला आणि मोडी वाचायला एकदमच शिकवलं, असं तो सांगायचा. पहिल्या महिन्यात त्यानं तीन रुमाल केले. दुसऱ्या महिन्यात चार.

इनामदार त्याच्या टेबलाशी गेला. "दामू, तू वाचतोस का इस्त्री करतोस रे?"

पोरे हसला. "बापूसाहेब, ओळ नुसती धरायची. एकदा ओळ सापडली की शिवण उसवल्यासारखी आपोआप सुटत जाते."

"असं होय! नरहरपंत, ऐकलंत का? बारा वर्षं उगाच शाळेत घातलीत. मशीनवर बसायला हवं होतंत."

मी पुस्तकात डोकं घातलं. माझं नेहमीचंच. पण इनामदाराचं बोलणं मला आवडलं नव्हतं असंही नाही.

पुढच्या महिन्यापासून मागच्या अंगणात डबे खायला बसताना इनामदारानं सतरंजी अशी घालायला सुरुवात केली की तिच्यावर तीनच माणसं मावतील: तो, मी आणि टंकलेखनाच्या कारखानीसबाई. पोऱ्याला दोन दिवसांत कळलं. तो समोरच्या आपल्या खोलीवर जाऊन जेवून यायला लागला. कारखानीसबाई एकदा म्हणाल्या, "अहो, त्यालाही बोलवा की." इनामदार म्हणाला, "त्याला वेळ कुठाय बाई? तो जेवताना पण एक रुमाल उरकत असेल." आम्ही हसलो. मीही हसलो.

त्या वर्षी माझ्याकडे एकतीस नंबरचा, अवघड म्हणून मागे राहिलेला रुमाल होता. तो सगळा त्रिंबक नावाच्या कुणा कारकुनानं लिहिलेला. कागदाच्या तळाशी त्याचं नाव असायचं, तेवढंच मला सहज वाचता यायचं. बाकी मुंग्या सोडल्यासारखं. एकेका पानाला पाच-पाच दिवस लागत होते, आणि उतरवलेल्या मजकुरात निम्मी जागा मी टिंबं देऊन सोडत होतो. लिप्यंतर करताना टिंबं देणं म्हणजे 'वाचता येत नाही' असं कबूल करणं. बारा वर्षांचा वाचक मी, आणि माझ्या पानांवर टिंबांची रांगोळी.

पोऱ्याचे शेहेचाळीस आणि सत्तेचाळीस नंबरचे रुमाल त्रिंबकाचेच होते. तो त्रिंबकाला वर्तमानपत्रासारखा वाचत होता. एका वेळी दोन रुमाल उघडून तो एकातला शब्द दुसऱ्यातल्या शब्दाशी जुळवून बघायचा. नियमाबाहेरचं होतं, पण दीक्षितसाहेबांनी तोंडी परवानगी दिली होती.

एकदा माझ्या टेबलापाशी थांबून त्यानं टिंबं पाहिली असावीत.

"अण्णा, हा त्रिंबक आहे ना, हा घाईत असला की शेवटचं अक्षर खाली ओढतो बघा. इथं..."

"ठाऊक आहे मला," मी म्हणालो.

मला ठाऊक नव्हतं. तो "हो, हो, तुम्हाला काय सांगायचं," म्हणून ओशाळून परत गेला. माझ्याशी तो पुन्हा कधी त्या विषयावर बोलला नाही. आज वाटतं, त्या एका वाक्यापाशी मी वेगळं काही बोललो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण हे सगळ्यांनाच सगळ्याबद्दल वाटतं.

बुधवारचं सांगतो. बुधवारी दीक्षितसाहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की मंडळाच्या सभेत पोऱ्याच्या कामाचा गौरव होणार आहे, आणि नव्या वर्षापासून मुख्य वाचकाची जागा निर्माण करायचा विचार आहे. कोणाला द्यायची हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. इनामदार बाहेर आल्यावर म्हणाला, "चला नरहरपंत. आता शिंपीदादा मापं घेणार आपली." दुपारी माझं डोकं दुखत होतं. मी डबा खायला गेलो नाही.

दहा दिवसांनी, शनिवारी, अकराच्या सुमाराला गव्हाणवाडीचे दोघे जण आले. सरपंच आणि त्यांच्याबरोबर एक म्हातारे गृहस्थ, रावजी तुपे. शेजारच्या गावाशी त्यांचा ओढ्याच्या पाण्यावरून दावा चालला होता. दोनशे वर्षांपूर्वी याच ओढ्यावरून भांडण झालं होतं आणि पंचांनी लेखी निकाल दिला होता. तोच तो महजर. पोऱ्यानं तो वाचल्यावर दीक्षितसाहेबांनी स्वतःहून गावाला कळवलं होतं.

"दोनला तारीख हाय साहेब," सरपंच म्हणाले. "साडेबाराच्या एस्टीनं गेलं पायजे. शिक्का मारून नक्कल द्या, की निघालो."

"आत्ता देतो. पोरे, शेहेचाळीस काढा."

पोऱ्यानं रुमाल आणला, गाठ सोडली, कागद चाळले. पुन्हा चाळले. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

"यातच आहे साहेब. मी स्वतः ठेवलाय."

तिसऱ्यांदा त्यानं एकेक कागद टेबलावर पसरला. महजर नव्हता. त्याचं बाळबोधीतलं लिप्यंतर होतं, स्वच्छ, एकही टिंब नसलेलं. मूळ कागद नव्हता.

"हे चालंल की," रावजी तुपे म्हणाले. "यात समदं लिवलंय."

"मूळ पाहिल्याशिवाय मला सही करता येत नाही हो," दीक्षितसाहेब म्हणाले. "शोधा, सगळे शोधा."

आम्ही टेबलांखाली पाहिलं. फडताळांच्या मागे पाहिलं. पंचेचाळीस नंबर उघडला, कारण तो शेजारी होता; सत्तेचाळीसपासूनचे रुमाल पलीकडच्या फडताळात होते, ते घाईत कोणी काढले नाहीत. पोरे पुन्हा पुन्हा शेहेचाळीसच चाळत होता. "मी इथंच ठेवला होता. वरून हात फिरवला होता," एवढंच म्हणत होता. इनामदार हलकेच म्हणाला, "हात फार चालतात त्याचे. कुठं कुठं फिरले असतील." मी काठीनं फडताळाखालची धूळ ओढत होतो. घड्याळ समोरच होतं. बारा वाजले. सव्वाबारा.

रावजी तुपे उठले. डोक्यावरची टोपी नीट केली. "बरं, साहेब. कागद नाय तर नाय. आमी सांगून बघतो."

ते गेले. दावा त्यांच्या विरुद्ध गेला, हे आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं.

चार वाजता पोरे सत्तेचाळीस नंबरचा रुमाल घेऊन टेबलाशी बसला. बाकी कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. मी पाहत होतो. त्यानं गाठ सोडली, आठ-दहा कागद उलटले आणि थांबला. मग तो कागद दोन्ही हातांवर घेऊन दीक्षितसाहेबांच्या दाराशी गेला.

"साहेब, सापडला. सत्तेचाळीसात होता."

लपवला असता तर कोणाला कळलं नसतं. सोमवारी गुपचूप शेहेचाळीसात सरकवता आला असता. तसं काही त्याच्या मनात आलं असेल असं मला वाटत नाही.

दीक्षितसाहेबांनी आम्हा सगळ्यांना आत बोलावलं. "दोन्ही रुमाल एकदम उघडे होते ते शेवटचे मागच्या आठवड्यातल्या बुधवारी. पोऱ्यांच्या टेबलाशी दुसरं कोणी गेलं होतं का?"

इनामदार म्हणाला, "आम्ही मागं डबे खात होतो. म्हणजे मी आणि बाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"माझं डोकं दुखत होतं," मी म्हणालो. "मी माझ्या टेबलावर डोकं टेकून पडलो होतो."

"कोणी आलं होतं?"

"नाही. कोणी आलं नाही."

पोरे मधेच म्हणाला, "अण्णांना कशाला विचारता साहेब? दोन रुमाल मी उघडले. चूक माझीच असणार."

गव्हाणवाडीच्या वकिलानं मंडळाला कडक पत्र लिहिलं. मंडळातल्या लोकांनी नियम काढून पाहिला. दोन रुमाल एका वेळी उघडले हे तर पोऱ्यानंच कबूल केलेलं होतं, आणि साहेबांची परवानगी कागदावर कुठंच नव्हती. महिनाअखेरीस त्याला काढलं.

शेवटच्या दिवशी तो हातातला रुमाल बांधत होता. गाठ मारली. सोडली, कागद पाहिले, पुन्हा मारली. पुन्हा सोडली. असं चारदा. दिवसाला शंभर ओळी वाचणारा माणूस एक गाठ मारायला पाव तास घेत होता. कारखानीसबाई उठून बाहेर गेल्या. पोऱ्यानं अखेर रुमाल तसाच ठेवला आणि मला म्हणाला, "अण्णा, एवढा तुम्ही बांधाल का?"

मी बांधला.

सहा महिन्यांनी ते पत्र आलं.

मुख्य वाचकाची जागा पुढं मला मिळाली. त्रिंबकाचं अक्षर वाचणारा म्हणून माझं नाव झालं. बाहेरगावचे अभ्यासक शोधत यायचे, एका सभेत नारळ आणि शालही मिळाली. पोऱ्याची कच्ची लिप्यंतरं दप्तरात राहिली होती. ती मूळ कागदांशेजारी ठेवून मी दोन वर्षं अभ्यास केला, हे कोणाला सांगितलं नाही. इनामदार केव्हाच गेला. दीक्षितसाहेबही. आता माझं एक्क्याऐंशी चालू आहे.

गेल्या महिन्यात ऋजुता वाघमोडे नावाची विद्यापीठातली मुलगी माझ्याकडे मोडी शिकायला यायला लागली. हुशार आहे. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "आजोबा, तुमच्याआधी मी इचलकरंजीत एकांकडे गेले होते. पोरे म्हणून आहेत. त्यांना येतं असं कोणीतरी सांगितलं होतं."

मी कप खाली ठेवला. "मग?"

"मी एक कागद दाखवला. त्यांनी लांबूनच दोन ओळी धडाधड वाचल्या हो! मी म्हटलं, हातात घेऊन बघा ना. तर घेईनात. म्हणाले, 'बाळ, जुने कागद माझ्या हातात देऊ नकोस. माझे हात भरवशाचे नाहीत.' मला वाटलं, थरथरत असतील वयामुळं. पण अजून शिवतात ते. काजं करत होते, इतकी बारीक! कशाला असं म्हणाले असतील?"

"त्यांचा पत्ता आहे तुझ्याकडे?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहायला बसलो. पहिलं पत्र चार पानांचं झालं. त्यात माझा भिडस्त स्वभाव होता, त्या वेळची घरची परिस्थिती होती, इनामदाराचे टोमणे होते. वाचून पाहिलं तर सगळ्या पानांत मीच होतो, आणि तरी मी केलेलं कुठंच नव्हतं. फाडलं. दुसऱ्यात मी त्याची फार स्तुती केली होती. तेही फाडलं. आता या वयात त्याला हे कळवून मी त्याचं भलं करतोय की माझं, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. चूल विझून गेल्यावर भाकरीचं पीठ मळणं आहे हे. पण त्यानं फक्त हो किंवा नाही विचारलं होतं. तेव्हा शेवटी जे झालं तेवढं लिहिलं.

"दामोदर, नाही. तो कागद तुम्ही चुकीच्या जागी ठेवला नाही. मी ठेवला. त्या दुपारी डोकं दुखण्याचं निमित्त करून मी मागं राहिलो आणि तुम्ही जेवायला गेल्यावर तुमच्या टेबलापाशी गेलो. शेहेचाळीसातून महजर काढला, तुमचं लिप्यंतर शेजारी ठेवलं आणि त्रिंबकाचं अक्षर तुमच्या वाचनावरून शिकत बसलो. तुम्हाला विचारायची मला लाज वाटत होती. तुमच्या चपला वाजल्या तशी घाईनं लिप्यंतर जागेवर ठेवलं आणि कागद हाताला आला त्या रुमालात सारला. कुठल्या, ते तेव्हा पाहिलं नाही. शनिवारी अकरा वाजता शेहेचाळीसात तो नाही म्हटल्यावर मला कळलं. गाडी साडेबाराची होती. दीड तास माझ्याजवळ होता. 'सत्तेचाळीस बघा,' एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही, कारण मला तुम्ही एकदा तरी चुकलेले हवे होतात. तुम्ही त्यावर वरून हात फिरवला होता हे तुम्हाला आठवतं ते खरंच असणार. तुमचे हात चांगले आहेत. नरहर ढवळे."

'क्षमा करा' असं लिहिलं नाही. ते लिहिलं की त्याच्यावर पुन्हा उत्तर द्यायची जबाबदारी येते.

पोस्टात दहाच्या सुमाराला गेलो. बाहेरची लाल पेटी मला बरी वाटत होती; त्यात टाकलं की कोणी आपल्याकडे बघत नाही. पण ते पोचलंच पाहिजे होतं, म्हणून आत रांगेत उभा राहिलो. खिडकीत एक तरुण बाई होती. तिनं पाकीट उलटसुलट केलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही यावर. त्याशिवाय रजिस्टर होत नाही."

मी तिचंच पेन मागून नाव लिहिलं. पत्ता लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं. तिनं वजन केलं, चिकटपट्टी लावली, शिक्का मारला.

"कधी मिळेल?"

"इचलकरंजी ना? उद्या, नाहीतर परवा नक्की."

तिनं पावती माझ्याकडे सरकवली आणि पाकीट न बघताच मागच्या पोत्याकडे टाकलं. ते काठावर पडलं, जरा तोललं आणि आत गेलं.

"काय हो आजोबा?" ती म्हणाली.

तेव्हा मला दिसलं, की माझा हात खिडकीतून कोपरापर्यंत आत गेला होता.

"काही नाही," मी म्हणालो, आणि हात मागे घेतला.